ओवाळणी नको, बाळंतपणाचा हक्क हवा



८ डिसेंबर २०२३ चा शुक्रवार तळवड्यातल्या बाया विसरलेल्या नाहीत. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या जिथे तयार होत होत्या त्या कारखान्यात त्या दिवशी स्फोट झाला, आग लागली. सहा जण त्याच दिवशी गेले, आणि पुढचे कित्येक दिवस रुग्णालयातून मृत्यूच्या बातम्या येत राहिल्या. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. कारखाना विनापरवाना चालत होता हे मागाहून सगळ्यांना कळले. मुख्यमंत्र्यांनी वारसांना पाच लाखांची मदत जाहीर केली.

आगीबद्दल आणि परवान्यांबद्दल पुष्कळ बोलून झाले आहे. आज मला दुसरा प्रश्न विचारायचा आहे. ज्या कारखान्याचीच धड नोंद नाही, तिथल्या बाईची कामगार म्हणून नोंद कुठून असणार? आणि नोंद नसेल तर अशी बाई गरोदर राहिली की तिला पगारी रजा कोण देणार? ईएसआयचे कार्ड कोण काढणार? तिच्या मुलासाठी पाळणाघर कोण चालवणार? पाच लाख मिळवायला तिला मरावे लागते. जिवंत राहून मूल जन्माला घालणाऱ्या बाईसाठी सरकारच्या तिजोरीत काय आहे, ते आपण एकदा नीट मोजून पाहू.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देण्याचे मान्य केले. सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्याने असा लाभ मिळणाऱ्या बायका तेवढ्या वगळल्या. कायद्यात पहिले मूल, दुसरे मूल असा भेद नाही. पण २०१७ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने हे सहा हजार पाच हजारांवर आणले, तेही पहिल्याच मुलासाठी. उरलेले हजार जननी सुरक्षा योजनेतून मिळतात असा हिशेब सांगितला जातो. महाराष्ट्रातल्या शहरी भागात त्या योजनेचे ६०० रुपये आहेत, आणि तेसुद्धा दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईलाच. तळवडे १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे, म्हणजे शहर आहे. इथे सगळे कागद जुळले तरी बेरीज ५,६०० च्या वर जात नाही. संसदेने दिलेला हक्क योजनेच्या कात्रीने कापला, तो असा.

२०२२ पासून दुसऱ्या बाळंतपणाला सहा हजार मिळू लागले, पण मुलगी झाली तरच. मुलींचे स्वागत व्हावे हा हेतू सांगितला जातो. मुलीचे स्वागत आपल्यालाही हवे आहे. पण ही मदत तर बाईच्या शरीराची झीज भरून यावी, तिला विश्रांती मिळावी म्हणून होती ना? दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर तिचे रक्त कमी जाते की काय? बाईच्या पोटात काय वाढते आहे त्यावरून तिची किंमत करायची, ही सवय घरातल्या सासूचीच नाही, मंत्रालयाचीही आहे.

संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्या हिशेबाने आपल्या असंघटित बाईचे पाच हजार २६ आठवड्यांवर पसरून पाहा. दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. एवढ्यात कोणती बाई घरी बसून बाळाला अंगावर पाजू शकेल? ती महिन्या-दीड महिन्यात कामाला लागते, आणि बाळ सात-आठ वर्षांच्या थोरलीच्या कडेवर जाते. त्या थोरलीची शाळा तिथेच सुटते. तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत रोख आणि पोषणाचे साहित्य मिळून १८,००० रुपये दिले जातात, आणि दोन बाळंतपणांना दिले जातात. महाराष्ट्र स्वतःला पुढारलेला म्हणवतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता २६ आठवड्यांच्या रजेची दुसरी बाजू. तिचा पगार ईएसआय नसेल तिथे एकट्या मालकाने द्यायचा असतो, सरकार एक पैसा घालत नाही. मग मालक काय करतो? तो लग्न झालेल्या बायका घ्यायलाच कचरतो. तामिळनाडूतल्या आयफोन जोडणाऱ्या कारखान्यात विवाहित बायकांना कामावर घेत नाहीत अशी बातमी रॉयटर्सने २०२४ मध्ये दिली, तेव्हा केंद्र सरकारने अहवाल मागवला. आपल्या पट्ट्यात अहवाल कोण मागवणार? चाकण-तळवडे-भोसरीला काम शोधायला जाणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, "लग्न झालंय का? मूल किती लहान आहे?" हे प्रश्न तिच्या ओळखीचे निघतील. आणि जिला काम मिळते ती ठेकेदाराच्या हजेरीवर. बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याचा पुरावा हवा. ठेकेदार बदलला की हजेरी शून्यापासून. पाळणाघराचे बंधन ५० कामगारांच्या वरच्या आस्थापनेला. दहा-वीस बायांच्या शेडमध्ये कायदा पाऊलच टाकत नाही.

हा वाद आजचा नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, असे त्यांनी मांडले. बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा टाळू नये, हेही सांगितले. १९२९ मध्ये कायदा झाला. पुढे १९६१ चा कायदा आला आणि तोच हक्क आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. पण सरकारने भार उचलायचा हे मूळ सूत्र शंभर वर्षे होत आली तरी कागदावरच राहिले. मूल जन्माला घालणे आणि वाढवणे हे समाजाचे काम आहे, ते बाईकडून फुकट करून घेतले जाते, एवढे साधे सत्य मान्य करायला सरकारला अजून जड जाते.

मग जून २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' आली. तिच्याबद्दल बोलायला लागले की आपल्या गटांमध्येच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बाईच्या खात्यात पहिल्यांदा तिचे म्हणून पैसे येतात, त्याविरुद्ध आपण बोलू नये. दुसरा म्हणतो, ही मतांची खरेदी आहे, तिला विरोधच करावा. मला दोन्ही तटांना काही सांगायचे आहे.

जे लोक या पैशाला 'रेवडी' म्हणून नाक मुरडतात त्यांच्या पंक्तीला आपण बसायचे कारण नाही. कारखानदारांना जमीन, वीज, करात सवलत मिळते तेव्हा त्याला 'प्रोत्साहन' म्हणतात, आणि बाईला दीड हजार मिळाले की ती फुकटी ठरते. त्या दीड हजारात सोनोग्राफी होते, रिक्षाचे भाडे निघते, नवऱ्यापुढे हात पसरायचा एक प्रसंग टळतो. हे लहान नाही.

पण ओवाळणी आणि हक्क यांत फरक आहे. ओवाळणी भाऊ आपल्या ऐपतीने नि मर्जीने घालतो. कमी घातली म्हणून बहीण कोर्टात जात नाही. निवडणुकीआधी २,१०० चे आश्वासन दिले आणि निवडून आल्यावर विसरले, तरी ती रुसण्यापलीकडे काय करणार? शिवाय या भावाच्या बहिणी २१ वर्षांपासून सुरू होतात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन, विसाव्या वर्षी मांडीवर बाळ घेऊन या पट्ट्यात आलेली मुलगी त्याची बहीण नाही. उत्तर प्रदेश-बिहारमधून नवऱ्यामागे आलेली, राज्याची रहिवासी नसलेली बाई तर नाहीच. गरोदरपणाला मात्र रहिवासी दाखला लागत नाही.

आणि हे अर्ज भरले कोणी? अंगणवाडी सेविकांनी. एका अर्जामागे ५० रुपये देऊ असे सांगून त्यांना कामाला लावले. याच सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर संपावर होत्या. तळवड्यात स्फोट झाला त्या दिवशी त्यांच्या संपाचा पाचवा दिवस होता. जवळजवळ दोन महिने त्या रस्त्यावर बसल्या. मागणी काय होती? मानधन नको, वेतन द्या. म्हातारपणी पेन्शन द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता. सहा वर्षांखालच्या मुलांचे पोषण, लसीकरण, गरोदर बाईचे वजन हे सगळे जिच्या खांद्यावर, तिला सरकार कामगार मानत नाही. म्हणजे एका बाईला 'लाडकी' म्हणायचे आणि दुसऱ्या बाईकडून ते लाड निम्म्या मजुरीत करून घ्यायचे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या रक्तक्षय असलेल्या बायकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शंभरात ४८ होते, २०१९-२१ मध्ये ५४ झाले. पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. हे रक्त दीड हजाराच्या हप्त्याने एकट्याने भरून येणार नाही. त्याला चालू अंगणवाडी लागते, वेळेवर नर्स लागते, बाळंतपणानंतर अंथरुणावर पडून राहण्याची मुभा लागते. पैसे की सेवा, असा झगडा आपल्यापुढे मुद्दाम उभा केला जातो. आपण त्यात पडू नये. दोन्ही हवे, आणि मर्जीने नको, कायद्याने हवे.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात :

अन्नसुरक्षा कायद्यातला मातृत्व लाभ प्रत्येक बाळंतपणाला, मुलगा-मुलगी न पाहता मिळावा. २०१३ ची रक्कम महागाईप्रमाणे आणि किमान वेतनाशी जोडून वाढवावी.

नोंदणी तळवड्यात, बाळंतपण माहेरी लातूरला, लस पुन्हा इथे, अशा बाईचा हप्ता कागदासाठी अडू नये.

प्रसूती रजेच्या खर्चात सरकारने वाटा उचलावा, आणि ठेकेदार बदलला तरी बाईची हजेरी पुढे चालू धरावी.

'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद २०२२ मध्ये झाली आहे. औद्योगिक वस्त्यांत ती पाळीच्या वेळांप्रमाणे आधी सुरू करावी.

सेविका, मदतनीस आणि आशा यांना कामगाराचा दर्जा द्यावा.

आणि निवेदन देऊन थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची आहे. तेव्हा पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गटाने आपल्या चाळीतली, शेडमागच्या पत्र्याच्या खोल्यांतली मुले मोजावीत. वही-पेन घेऊन घरोघर जावे. चाळीस भरली की सह्या घ्याव्यात आणि अर्ज द्यावा. त्याच फेरीत गरोदर बायांची नावेही लिहून घ्यावीत, त्या कुठे काम करतात तेही लिहावे. सरकारच्या वहीत ज्यांची नावे नाहीत, त्यांची नावे निदान आपल्या वहीत असू द्या. आठ डिसेंबरला ती कोणाच्याच वहीत नव्हती.