सगळ्याच कोळ्यांना एक औषध चालत नाही



गवतातल्या किड्यामुळे येणाऱ्या तापाचा एक मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. त्याखाली एकाने सल्ला दिला, "माइटच आहे ना, बांधावर अॅबामेक्टिन मारून घ्या." त्याला पंधरा-वीस अंगठे पण आले. माझं मत स्पष्ट आहे, हा सल्ला चुकीचा आहे. कसा ते कळायला त्या किड्याची भावकी बघावी लागते.

आपण मराठीत 'कोळी' हा एकच शब्द किती ठिकाणी वापरतो बघा. द्राक्षाच्या पानामागं जाळं करून रस शोषतो तो लाल कोळी. कोकणात नारळाच्या फळावर खरवडल्यासारखे डाग पाडतो तो पण कोळी, त्याला तर चारच पाय असतात. लाल कोळ्याला खाणारा मित्र कोळी वेगळा. आणि माणसाला चावणारा चिगर माइट, त्यालाही पेपरवाले कोळीच लिहितात. हे सगळे अष्टपाद वर्गातले, कीटक नव्हेत, इथपर्यंत बरोबर. गोचीडही त्यातलीच. पण पुढं कुळं वेगळी, खाणं वेगळं, राहणं वेगळं. गाय आणि वाघ दोघंही दूध पाजणारे म्हणून दोघांना एकच पेंड घालता का?

चिगरचं कूळ ट्रॉम्बिक्युलिडी. जगात याच्या तीन हजारांच्या वर जाती नोंदलेल्या आहेत. कोणी उंदरावर, कोणी पक्ष्यावर, कोणी सरड्यावर, कोणी वटवाघळावर. माणसाला ताप देणाऱ्या जाती त्यात मोजक्याच. आपल्या देशात मुख्य म्हणजे लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स. हे 'डेलि' म्हणजे दिल्ली नव्हे बरं का, सुमात्रा बेटावरचा डेली भाग. तिथूनच 1922 मध्ये या जातीचं वर्णन झालं. जुन्या पुस्तकात हीच ट्रॉम्बिक्युला नावाखाली सापडते.

याचा जवळचा नातेवाईक आपण सगळ्यांनी पाहिलाय. मृगाचा पाऊस पडला की वावरात फिरणारा लाल मखमली मृगाचा किडा. तो माणसाला काही करत नाही. त्याची पिल्लं नाकतोड्यासारख्या किड्यांच्या अंगावर चिकटून वाढतात, मोठा झाला की जमिनीतले बारीक जीव आणि अंडी खातो. तो दिसला की चिरडू नका. तापाचा किडा म्हणून त्याचेच फोटो फिरवतात, त्याचा मला राग येतो.

चिगरचंही तसंच आहे. मोठा चिगर जमिनीत राहतो, किड्यांची अंडी खातो, आपल्या वाटेला जात नाही. चावतं ते फक्त पिल्लू. मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं, नारिंगी-लाल, आणि पाय सहाच, म्हणून भलेभले त्याला कीटक समजतात. आयुष्यात एकदाच अंगावर बसतं, रक्त न पिता कातडीचा थर विरघळवून तो रस ओढतं आणि गळून पडतं. तापाचा जंतू, ओरिएन्शिया सुसुगामुशी, त्याला आईकडून अंड्यातूनच मिळालेला असतो.

गंमत अशी की या जाती ओळखतात त्या पिल्लावरूनच. पाठीवरची बारीक ढाल, तिच्यावरचे केस मोजायचे, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली. मोठा किडा कुठल्या पिल्लाचा, हे बहुतेक जातींचं जुळवलेलंच नाही. नुसत्या रोपावरून द्राक्षाची व्हरायटी सांगण्यासारखं काम आहे. काही शास्त्रज्ञ यातला एक गट वेगळं कूळ धरतात, काही धरत नाहीत. भांडू द्या त्यांना, आपलं काम त्यावर अडत नाही.

आता फवारणीचं. लाल कोळी पानामागं सापडतो, तिथं औषध पोचतं. चिगर बांधावर सारखा पसरलेला नसतो. जिथं उंदीर-घुशींचा वावर, ओल आणि दाट गवत, तिथं ठिगळासारखा असतो, तोही जमिनीलगत. गवताच्या शेंड्यावर पंप फिरवून त्याला काय होणार? मित्रकीटक मात्र मरतात, मधमाशीला धोका वेगळाच, आणि गडी-बाया निर्धास्त होऊन त्याच गवतात भाकरी खायला बसतात. हे मला सगळ्यात घातक वाटतं.

बांध आणि घराजवळचं गवत कापा. आधी गवत, मग उंदीर. आधी नुसते उंदीर मारले तर उपाशी पिल्लं दुसरं अंग शोधतात. गवत कापणाऱ्याला पूर्ण बाह्या आणि गमबूट द्या. कपडे झुडपावर वाळत घालू नका. घरी आल्यावर साबणाने अंघोळ, कपडे गरम पाण्यात.

2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि विदर्भात या स्क्रब टायफसची साथ आली, माणसं दगावली. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे पाऊस आणि गवत काय कमी आहे? तिकडचीच माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांत छाटणीला येतात. चावल्यावर साधारण सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो, तोवर माणूस गाव बदललेला असतो. जोराचा ताप, डोकेदुखी, कधी काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली. ती दुखत नाही म्हणून कोणी सांगत नाही, काहींना उठतही नाही. डेंग्यू, टायफॉइड म्हणून दिवस जातात. पेनिसिलीनच्या घराण्यातली औषधं यावर चालत नाहीत. डॉक्सीसायक्लिन चालतं, जुनं आणि स्वस्त औषध आहे, पण ते डॉक्टरनेच द्यायचं आणि वेळेत. उशीर झाला की फुफ्फुस, किडनीवर जातं.

म्हणून मुकादम असो की बागवाला, मजूर तापला तर नुसती गोळी देऊन झोपवू नका. दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरला सांगा, हा गेले दोन-तीन आठवडे गवतात काम करत होता, अंग तपासा.

कृषी विभागाच्या मेळाव्यात कोळीनाशकांचे दर सांगतात, तिथं या एका तापावर दहा मिनिटं आरोग्य खात्याच्या माणसाला बोलू दिलं तर काय बिघडतं?

आणि पेठ-सुरगाण्याकडच्या जाणत्यांनो, उंदराच्या कानात झुपक्याने बसणाऱ्या या बारीक लाल किड्याला तुमच्याकडे वेगळं नाव असेल तर कळवा. मी तेच वापरीन.