ब्युटिशियनच्या परीक्षेत हेही हवे!

लग्नसराई आली की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हटकून वाढतात. एक, जेवणावळीत पोट बिघडवून घेतलेले. दुसरे, ब्युटी पार्लरमधून चेहरा बिघडवून आलेले. पहिल्यांना दोन दिवसांत आराम पडतो. दुसऱ्यांचे तसे नसते.

मागच्या हंगामात एक मुलगी ऐन हळदीच्या दिवशी सकाळी आली. पापण्या सुजून डोळे मिटलेले, कपाळावर आणि कानामागे पुरळ. दोन दिवसांपूर्वी तिने केस रंगवून घेतले होते. चौकशी करता कळले की, आदल्या वर्षी काळी मेंदी लावल्यावर तिच्या हातावर फोड आले होते. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा जे 'पीपीडी' नावाचे रसायन मिसळतात, तेच अनेक हेअरडायमध्येही असते. एकदा त्याची ॲलर्जी झाली की शरीर ते सहसा विसरत नाही. केस रंगवण्यापूर्वी तेवढे विचारले असते, तर पुढचे सारे टळले असते.

पार्लर चालवणारी मुलगीही घाबरून सोबत आली होती. एका खाजगी क्लासचे तीन आठवड्यांचे प्रमाणपत्र तिच्याकडे होते. म्हणाली, "डॉक्टर, हे मला कुणी शिकवलंच नाही हो!"

मला तिचा राग आला नाही. राग आला तो प्रमाणपत्र देणाऱ्यांचा. दवाखाना काढायचा तर मला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते. औषधाच्या दुकानाला फार्मासिस्ट लागतो. मेकअप आणि केशरचनेच्या व्यवसायाला मात्र आपल्याकडे अशी सक्तीची नोंदणी नाही. आय.टी.आय.मध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, दहावी उत्तीर्ण ही त्याची अट आहे, आणि त्यात त्वचेची ओळख व निर्जंतुकीकरणही शिकवतात. पण पंधरा दिवसांत 'ब्रायडल मेकअप' शिकवणाऱ्या क्लासची पाटीही त्याच गावात लागते, आणि गिऱ्हाईक दोन्ही प्रमाणपत्रांत फरक करीत नाही.

माझे स्पष्ट मत आहे, की क्लास कोणताही असो, पुढील गोष्टींत उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही प्रमाणपत्र मिळू नये.

पहिली, ॲलर्जीची चाचणी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावून ४८ तास वाट पाहायची. ही सूचना डायच्या खोक्यावर छापलेली असते, पण घाईत ती वाचतो कोण?

दुसरी, स्वच्छता. ब्लेड प्रत्येकाला नवे. कंगवे व ब्रश आधी साबणाने धुवून मग जंतुनाशकाने पुसलेले. मस्काऱ्याची काडी एकीच्या डोळ्याची दुसरीला नको. भुवया कोरताना दोऱ्याचे टोक दातात धरण्याची सवय तर मोडलीच पाहिजे. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो, हे लक्षात ठेवावे.

तिसरी, 'नाही' म्हणण्याची अक्कल. गजकर्ण, लाल झालेले डोळे, ओठावरची नागीण किंवा उघडी जखम दिसली, तर गिऱ्हाइकाला आधी डॉक्टरकडे पाठवावे. डायनंतर ओठ सुजले किंवा दम लागू लागला, तर वेळ न घालवता इस्पितळ गाठावे.

चौथी, स्वतःची काळजी. रोज डाय आणि शाम्पू हाताळून हातांना इसब होते, म्हणून हातमोजे हवेत. शिकणाऱ्या मुलीने बी काविळीच्या लसीचे तीन डोसही घ्यावेत.

कुणी म्हणेल, डॉक्टर गरीब मुलींच्या पोटावर पाय देताहेत. तसे मुळीच नाही. घरच्या घरी चार पैसे मिळवून देणारा हा उत्तम व्यवसाय आहे, आणि मी सांगतो त्यात फार खर्च नाही. थोडा वेळ आणि शिस्त लागते. उलट एक बिघडलेला चेहरा लहान गावात पार्लर बंद पाडायला पुरेसा होतो.

तेव्हा पालकहो, मुलीला क्लासला घालताना फी विचारता, तसे "स्वच्छता आणि ॲलर्जी शिकवता का?" हेही विचारा. आणि भगिनींनो, लग्नाच्या आदल्या दिवशी नवा डाय किंवा नवे क्रीम लावून पाहू नका. पार्लरवालीने चाचणीसाठी दोन दिवस आधी बोलावले, तर कुरकुर करू नका. तिला काम येते, असे समजा.