रेक्टर म्हणजे कुलूप नव्हे

दिवाळी जवळ आली की वसतिगृहाच्या फळ्यावर एक नोटीस लागते : ‘अमुक तारखेपासून मेस बंद.’ तेवढ्या शब्दांवर शेकडो पोरे बॅगा भरतात, एस. टी. स्टँड गाठतात आणि वाचकहो, तुमच्या दारात येऊन उभी राहतात. तुम्ही मळक्या कपड्यांचे गाठोडे उतरवून घेता, ‘किती वाळलास रे!’ म्हणता, परीक्षेचे विचारता, मेसच्या आमटीला नावे ठेवता. परंतु एक प्रश्न कोणी विचारीत नाही : ‘तुझा रेक्टर कोण?’ आज फराळाच्या ताटावर विचारून पाहा. चिरंजीवांना रेक्टरचे टोपणनाव ठाऊक असेल. नाव ठाऊक असेलच असे नाही.

यात पोरांचा दोष नाही. मी अकरा वर्षे एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो, तेव्हा हे अनुभवाने सांगतो. माझी नेमणूक दीड ओळीच्या पत्राने झाली : अध्यापन सांभाळून वसतिगृहाचा जादा कार्यभार पाहावा, राहण्यास क्वार्टर मिळेल. पाहावे म्हणजे काय करावे, हे कोणी सांगितले नाही; मीही विचारले नाही. घरभाडे वाचले या आनंदात सामान हलवले. पुढे कळले की पाहायचे ते पाण्याची मोटर, गाद्यांतले ढेकूण, मेसबिलांची थकबाकी आणि रात्रीची हजेरी. एकशे साठ डोकी मोजून भरली की रेक्टर उत्तम! त्यांतले कोण आठ दिवस नीट जेवले नाही, हे लिहायला हजेरीपटात रकानाच नव्हता.

एका वर्षी मी ‘मेस बंद’ची नोटीस लावली, खोल्या रिकाम्या झाल्याची सही केली आणि घरी फराळाला बसलो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमचा पहारेकरी दारात आला. बरोबर पहिल्या वर्षाचा एक मुलगा. तो तीन दिवस स्टँडवर राहत होता. सहामाहीच्या दोन पेपरांना तो बसलाच नव्हता. कर्ज काढून फी भरणाऱ्या बापाला काय तोंड दाखवावे, म्हणून घरी गेला नाही; आणि आम्ही कुलूप लावलेले, म्हणून इथे राहता आले नाही. कोणा पाहुण्याला गाडीत बसवायला गेलेल्या पहारेकऱ्याच्या तो नजरेस पडला. “साहेब, पोरगं माझ्याकडं जेवलंय. पण खोलीत निजायला जागा न्हाई,” तो म्हणाला. मी मुलाला नाव विचारले. पहारेकरी माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला नाव ठाऊक होते. मला खोलीचा नंबर ठाऊक होता.

तो मुलगा पुढे नीट शिकला, मार्गी लागला. पण ते माझ्या कर्तबगारीने नव्हे, एका पहारेकऱ्याच्या डोळ्यांनी. संस्थेच्या दप्तरी मात्र त्या वर्षीची दिवाळी ‘विनातक्रार’ गेली.

आता मला सांगा, हा दोष कोणाचा? माझा तर आहेच. परंतु त्या दीड ओळीच्या पत्राचाही आहे. आणि रागावू नका, तुमचाही आहे. मुलाला सोडायला येणारे पालक मला एकच सांगत : “सर, जरा कडक ठेवा.” ‘त्याच्याशी बोलत जा’ असे सांगणारा क्वचितच भेटला. आणि मुलगी असली तर विचारूच नका. भाऊ गावभर हिंडून रात्री फाटकातून आत येतो, आणि बहिणीच्या फाटकाला दिवेलागणीलाच कुलूप! सुरक्षिततेची सबब सांगून मुलींवर भेदभावाचे नियम लादू नयेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ सालच्या विनियमांत बजावले आहे. तरी कुलूप कित्येक ठिकाणी जागच्या जागी आहे. का? कुलूप स्वस्त आहे. माणूस महाग आहे.

वसतिगृहाची आपली परंपरा काय आहे, याचा तरी विचार करावा! १९०१ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले आणि मागोमाग एकेका जातीची, धर्माची वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापुरातच शिकत असताना भाऊराव पाटलांना, अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्याबद्दल, स्वतःच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. कुलूप लावणारे वसतिगृह त्यांनी भोगले होते. म्हणूनच १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे काढले, तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही दिले. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह चालवायला घेतले. ही काय भाड्याच्या खाटांची लॉजे होती? घराबाहेर पडलेल्या पोराला दुसरे घर देणारी ती शाळा होती.

यावर आमचे संस्थाचालक मित्र लगेच माना डोलावतात आणि म्हणतात, “खरे आहे, पण अशी त्यागी माणसे आता कुठली?” या युक्तिवादाचा मला मनस्वी तिटकारा आहे. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र एकदा मोडले, तेवढे पुरे झाले. दर पिढीला नवे मंगळसूत्र मागणारी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे. संत मिळत नाहीत म्हणून चौकीदारावर भागवा, असे शहाणपण कोणी शिकवले? संत नको, पूर्णवेळ पगारी माणूस नेमा!

हे माझ्या पदरचे नाही. रॅगिंग थांबवण्यासाठी आयोगाने २००९ साली विनियम केले. प्रत्येक वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन असावा, तो तिथे किंवा अगदी जवळ राहावा, आणि शिस्तीबरोबरच तरुणांशी बोलण्याचे, त्यांना समजून घेण्याचे गुण पाहून त्याची निवड व्हावी, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. तुमची मुले अमेरिकेत शिकत असतील तर त्यांना विचारा. तिथल्या अनेक विद्यापीठांत हा स्वतंत्र पेशा आहे. त्याचे शिक्षण घेतलेला माणूस पोरांच्याच इमारतीत राहतो आणि त्याच्या हाताखाली मजल्यामजल्यावर थोरले विद्यार्थी मदतनीस असतात. इथे मात्र वनस्पतिशास्त्राचे तास संपवून आलेला प्राध्यापक रात्री अकराला भांडणे सोडवतो.

२०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, हा त्यांतलाच एक. निर्देश योग्यच आहे. परंतु समुपदेशक संध्याकाळी घरी जाणार. पोराच्या मनात काहूर उठते ते रात्री दोनला. तेव्हा ज्याचे दार वाजवावे असे वाटेल, तो माणूस त्याच इमारतीत हवा. फाटकावरचा कॅमेरा कोण आत आले ते सांगेल. कोण आतल्या आत मिटत चालले आहे, ते सांगणार नाही.

तेव्हा सुटी संपवून पोराला सोडायला जाल, त्या वेळी रेक्टरला भेटा. नाव विचारा. ‘कडक ठेवा’ म्हणू नका. हे तुमचे एकच काम आहे की चौथे, तुम्ही कुठे राहता, तुमच्याकडे पोरे किती, हे विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या बिचाऱ्याशी भांडू नका. प्राचार्यांच्या खोलीत जा, तिथे भांडा. फी तुम्ही भरता.

आणि आजच्यापुरते एक करा. मुलाला विचारा, ‘तुझ्या मजल्यावरचा कोण या दिवाळीत घरी गेला नाही?’ नाव आठवले, तर त्याला फोन करून बोलावून घ्या. चकल्या आहेतच.