चावी हातात, पण गाडी कुणाची?

गेल्या वर्षी पाडव्याच्या आधी आमच्या बचत गटातली एक मैत्रीण पेढे घेऊन दारात उभी. ‘‘ताई, खाली चला, गाडी बघायला!’’ तिचा डब्यांचा व्यवसाय. रोजचे साठ डबे, नवरा स्कूटरवरून पोचवायचा. पावसाळ्यात फार हाल. म्हणून दोन पाटल्या मोडून आणि गटाकडून थोडं कर्ज घेऊन तिनं पावणेदोन लाखांत एक जुनी व्हॅन घेतली होती. आम्ही साऱ्याजणी खाली उतरलो. व्हॅनला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. रंग किती छान ठेवलाय, असं मीही म्हटलं. कागद दाखव गं, असं मात्र एकीच्याही तोंडून निघालं नाही. गटाची कर्जवही माझ्याकडे असते, तरी माझ्याही नाही.

श्रावणातल्या एका सकाळी डबे गाडीत भरून झाले आणि दोन माणसं येऊन उभी राहिली. कर्ज देणाऱ्या कंपनीची. आधीच्या मालकानं गाडीवर कर्ज काढलं होतं, सात हप्ते थकले होते. हिनं नोटरी केलेला स्टॅम्पपेपर पुढे केला. ‘‘बाई, तो तुमच्यापाशीच ठेवा. गाडीवर बोजा आहे,’’ असं म्हणून ते गाडी घेऊन गेले. साठ डबे फूटपाथवर राहिले.

मी तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेले. दलालाचा फोन बंद. हवालदारांनी विचारलं, ‘‘आरसी कुठंय?’’ मूळ आरसी ‘आरटीओत आहे ताई, पंधरा दिवसांत येईल’ असं सांगितलेलं, ती कधी आलीच नाही. हिच्याकडे होती झेरॉक्स, देव्हाऱ्याखालच्या खणात जपून ठेवलेली. हवालदारांनी तिच्यावर बोट ठेवलं. मालकाच्या नावाखाली, काही ओळी सोडून, कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव स्वच्छ छापलेलं होतं. चार महिने तो कागद तिच्या घरातच होता. कुणी वाचला नव्हता.

मैत्रिणींनो, मी बी.ए. झालेली बाई. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. गाडीत फसवणूक होते ती इंजिनात कमी आणि कागदात जास्त. आणि कागद वाचायला इंजिन कळावं लागत नाही.

आठवतं ना, १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत स्फोट झाला. ती मोटार हरियाणा पासिंगची, अनेक हातांतून फिरलेली. पोलीस आधी पोचले ते कागदावर नाव असलेल्या माणसाकडे. त्यानं गाडी कधीच विकली होती. टीव्हीवर ती बातमी बघताना माझ्या पोटात खड्डा पडला. कारण आमच्या घरीही तेच झालं होतं. जुनी मोटार एका दलालाला देताना आमच्या ह्यांनी ट्रान्सफरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि विषय संपला असं समजले. दोन वर्षांनी त्यांच्या मोबाइलवर दंडाचे ई-चलान यायला लागले. गाडी फिरत होती लातूरकडे आणि मालक अजून आम्हीच! दंडावर निभावलं हे नशीब. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट म्हटलंय, की गाडी कितीही हात बदलो, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, त्याच्यावरच भरपाईची जबाबदारी.

आता कायदा काय सांगतो ते बघू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याची वित्त कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, त्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही. म्हणजे नोटरीचा कागद हा दोघांमधला करार झाला, त्यानं गाडी नावावर होत नाही. हे दलालाला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. सारा खेळ तिथेच आहे.

दलालांचाच विषय निघालाय म्हणून सांगते. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार अशा विक्रेत्यानं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि मालकाकडून गाडी ताब्यात आली की ऑनलाइन कळवायचं. तसं कळवल्यावर गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. नियम चांगला आहे. पण ओळखीचा कुणीतरी, चहाच्या टपरीवर भेटणारा, ‘मी करून देतो’ म्हणणारा माणूस त्या नियमात स्वतःहून कशाला येईल? म्हणून दुकान असो की टपरी, ‘तुमचं अधिकारपत्र दाखवा’ हे विचारायला लाजू नये.

मग गाडी घेताना करायचं काय? आधी मूळ आरसी हातात घ्या, झेरॉक्स नाही. विकणाऱ्याचं नाव त्यावर आहे का, वित्त कंपनीचं नाव आहे का, ते वाचा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा कधीपर्यंत, असं बरंच दिसतं. ते आरसीशी जुळवा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. तिथे घासल्याच्या खुणा असतील तर सरळ घरी या. चोरीची गाडी रोख पैसे मोजून घेतली म्हणून आपली होत नाही, खरा मालक सापडला की गाडी जाते आणि पैसेही. आधीचे किती दंड भरायचे राहिलेत तेही परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतं.

पैसे द्यायचे ते आरसीवर नाव असलेल्याच्या बँक खात्यात, दलालाच्या हातात नाही. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरायची. आणि थोडी रक्कम गाडी नावावर होईपर्यंत रोखून धरायची. यात अपमान कसला? आपण लग्नाच्या हॉलवाल्यालाही सगळे पैसे आधी देत नाही.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर गाडी ठोकली की नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे ‘विम्यात भरपूर सूट आहे’ या बोलण्याला भुलू नका.

गाडीची तपासणी आपल्या गॅरेजवाल्याकडून करून घ्या, विकणाऱ्याच्या नाही. पण काही गोष्टी आपल्यालाही दिसतात. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत, असं असेल तर मीटर मागे फिरवलाय असं समजा. हल्लीचे डिजिटल मीटरसुद्धा फिरवता येतात. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. पुराची गाडी ओळखायची तर कार्पेट उचला, खाली वाळका गाळ, सीटच्या पट्ट्यांना गंज, कुबट वास. मुंबईत २००५, सांगली-कोल्हापुरात २०१९, चिपळूणला २०२१, दर मोठ्या पुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या चकाचक होऊन बाजारात येतात. स्वयंपाकघरात आंबलेलं नाकाला आधी कळतं ना आपल्या? तेच नाक इथे वापरायचं.

‘दिल्लीची गाडी, निम्म्या भावात’ हेही ऐकलं असेल. २०१५ मध्ये हरित लवादानं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आणली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणि आपल्याकडचा कर धरला की स्वस्ताई कुठच्या कुठे जाते.

आणि मोबाइलवरची ती जाहिरात! ‘मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी घाईनं विकायचीय’ असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवतात आणि गाडी पोचवायचा खर्च आधी मागतात. गाडी नसतेच. न बघितलेल्या गाडीसाठी एक रुपयाही देऊ नका. गेलेच पैसे, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणं अवघड.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ‘हे’ बघतात. आमच्याकडेही तसंच होतं. गाडीचा विषय पुरुषांचा आणि आपण म्हणायचं रंग छान आहे. पण मोडल्या त्या पाटल्या कुणाच्या? गटाच्या कर्जावर सही कुणाची? पैसा आपला लागणार असेल तर प्रश्नही आपणच विचारायला हवा. साखरपुड्याआधी मुलाची चौकशी आपण चार घरांत करतो, तिथे कुणाला राग येत नाही.

मैत्रिणीची तक्रार अजून चालू आहे. डबे पुन्हा स्कूटरवरून जातात. आमच्या गटानं मात्र एक नियम केलाय. वाहनासाठी कर्ज मागणारीनं मूळ आरसी बैठकीत आणायची आणि ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. मालकाचं नाव, चेसिस नंबर, बोजा, सगळं. गेल्या महिन्यात एकीनं रिक्षासाठी अर्ज केला. आरसी वाचायला सगळ्यांच्या आधी उठली ती आमची डबेवाली मैत्रीण. चष्मा लावून तिनं ओळ न् ओळ वाचली आणि म्हणाली, ‘‘यावर कंपनीचं नाव आहे. एनओसी आणल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.’’

त्या बैठकीत पेढे वाटले नाहीत, पण कुणाला वाईटही वाटलं नाही.