टर्कीशेजारचं आंबटगोड

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची पानं मांडली जातात, तेव्हा टर्कीशेजारी लालभडक क्रॅनबेरी सॉस हवाच. बऱ्याच घरांत तो अजूनही डब्यातून येतो, डब्याच्या वळ्या अंगावर घेऊन थुलथुलत बशीत उतरतो, आणि त्यावरच जीव असलेले लोकही कमी नाहीत. घरी करायला मात्र लागतं काय? ताज्या क्रॅनबेरींची ३४० ग्रॅमची पिशवी, कपभर साखर, कपभर पाणी. उकळी आली की फळं तडतड फुटू लागतात. त्यांच्या पोटात हवेचे कप्पे असतात. पाणी सोडलेल्या मळ्यात ती तरंगतात आणि गोळा करता येतात, तीही त्यामुळेच. दहाएक मिनिटांत गॅस बंद करावा. पातळ दिसतो म्हणून आटवत बसू नये, फळातल्या पेक्टिनमुळे सॉस गार होताना आपोआप घट्ट होतो. संत्र्याची किसलेली साल घातली तर उत्तम, दालचिनी मात्र बेतानंच. तिथल्या मराठी स्वयंपाकघरांत याच फळांना मोहरी-हिंगाची फोडणी देऊन लोणचंही घालतात. आंबटपणात ते कैरीला हार जात नाही, आणि टर्की न खाणाऱ्यांची सोय होते ती वेगळीच.