पेलाभर दुधापेक्षा वाटीभर दही

पोषणाचा विषय निघाला की सल्ला ठरलेला असतो : रोज पेलाभर दूध प्या. वाशिम जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे आणि त्या कार्यक्रमात पोषणावर भर असतो, त्यामुळे हा सल्ला तिथल्या अनसिंगसारख्या गावातही ऐकू येणारच. पण दूध प्यायल्यावर पोट गुडगुडते, फुगते, कधी जुलाब होतात असे कोणी म्हटले, की त्याला ‘सवय नाही’ म्हणून गप्प बसवले जाते. तक्रार सवयीची नसून शरीराच्या घडणीची असू शकते. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. जगातल्या बहुसंख्य माणसांत बालपणानंतर ओसरत जाते. मग न पचलेली साखर पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू तिचा वायू करतात. काहींमध्ये हे विकर आयुष्यभर टिकते, ते एका जनुकीय बदलामुळे. भारतातल्या दोन हजारांहून अधिक लोकांच्या नमुन्यांवरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा बदल वायव्येकडे जास्त आणि आग्नेयेकडे जाताना कमी होत गेलेला आढळला. पंजाबात सहज पचणारा दुधाचा मोठा पेला वऱ्हाडात प्रत्येकाला मानवेलच असे नाही.

म्हणून दूधच सोडावे का? मुळीच नाही. २५० मिलिलिटर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असते आणि लॅक्टेज कमी असलेल्यांपैकीही अनेकांना एवढे, विशेषतः जेवणासोबत, सोसते. चहातल्या दुधाने सहसा कोणाचे काही बिघडत नाही. खरा फरक विरजणाने पडतो. दह्यातले जिवाणू थोडी साखर आधीच खातात आणि उरलेली पचवायला स्वतःचे विकर घेऊन आतड्यात उतरतात. जिवंत जिवाणू असलेल्या दह्याने लॅक्टोजचे पचन सुधारते, हे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये मान्य केले. कढी उकळली की ते जिवाणू मरतात, तेव्हा हा लाभ ताज्या दह्या-ताकाचाच. पेढ्याचे उलटे : खवा आटवताना पाणी जाते, साखर मागे उरते. चक्क्यासाठी दही टांगले की निवळीबरोबर बरीचशी साखर निघून जाते.

आक्षेप येईल की ताक म्हणजे पाणीच, त्यातून काय मिळणार? आक्षेप रास्त आहे. प्रौढाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे. शंभर ग्रॅम दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असते, तेवढ्याच ज्वारीत जेमतेम पंचवीस-तीस. भाकरी-वरणावर जगणाऱ्या शाकाहारी घराला बी-१२ साठीही दूधदुभत्याचाच आधार. म्हणूनच मागणी वाटीभर दह्याची आहे; ताक त्याच्या जोडीला. अडचण अशी की दूध संकलन केंद्रावर गेले की घरी विरजायला उरत नाही, आणि विरजण नाही म्हणजे घुसळण नाही, ताकही नाही. विदर्भ-मराठवाड्यासाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, आणि रोखीचा पैसा घरात आला तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण यश फक्त संकलनाच्या लिटरांत मोजले तर दूध विकणाऱ्याच्या ताटात काय उरले हे दिसत नाही. शाळेतल्या पूरक आहारात दूध द्यायचे ठरले, तर दह्याचाही पर्याय असावा.

दुसरा आक्षेप हल्ली जोरात आहे : दोष संकरित गाईचा, देशी गाईचे ए-टू, म्हणजे ए-टू प्रकारचे केसीन प्रथिन असलेले दूध बाधत नाही. काही छोट्या अभ्यासांत ए-टू दुधाने त्रास कमी झाल्याचे दिसले आहे, पण लॅक्टोज दोन्हींत सारखाच असतो. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये ए-टूचे दावे वेष्टनावरून काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला, यावरून वाद किती मिटला आहे ते कळतेच. म्हशीचे दूध तर मुळातच ए-टू असते. मग वऱ्हाडी म्हैस दारात असताना दुप्पट भावाची बाटली आणण्याआधी त्याच म्हशीच्या दुधाला आठवडाभर विरजण लावून पाहावे. त्रास थांबला, तर दोष साखरेचा होता असे मानायला जागा आहे. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र दह्यावर विसंबू नये, डॉक्टर गाठावा.