‘ग्रीफ’चे अर्धे वाचन

‘ग्रीफ’ ही इंग्रजी संज्ञा मृत्युशोकाच्या खाजगी मनोव्यापारापुरती आकुंचित करणारी समीक्षा त्या शब्दाचा निम्मा इतिहास पुसून टाकते. ‘जड’ या अर्थाच्या लॅटिन ‘ग्राविस’पासून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत हाल, इजा, अन्याय याही अर्थांनी वावरत होता, ‘ग्रीव्हन्स’ हे त्याचेच भावंड. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’च्या चौथ्या अंकात कॅशियसने आपले ‘ग्रीफ्स’ हळू सांगावेत, असे ब्रूटस बजावतो. ती गाऱ्हाणी आहेत, आणि ती ब्रूटसविरुद्धच आहेत. पुढे त्याच अंकात ब्रूटस स्वतःच्या ‘ग्रीफ्स’चा उच्चार करतो व पोर्शियाच्या मृत्यूची वार्ता देतो. शब्द एकच. या दोहोंना ‘शोक’ म्हणून एका कप्प्यात कोंबणारे स्वतःस संहितानिष्ठ म्हणवतात, हे नवलच! त्यांच्या वाचनात कॅशियसचा आरोप मनोव्यथा होऊन बसतो आणि ब्रूटस जाब देण्यातून सुटतो.